आवडलेला फोन घ्यावा की सोडावा? जुन्या फोनच्या तक्रारीपासून नवा डब्बा फोडेपर्यंत

फोन घेताना आपल्याकडे क्रम हमखास उलटा लागतो. दुकानात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न हप्त्याचा. दुसरा मेगापिक्सेलचा. तिसरा, सोबत फुकट काय मिळेल याचा. मळ्यात रेंज येते का हा प्रश्न आठ दिवसांनी मळ्यात उभं राहिल्यावर पडतो. तोवर दुकानदार म्हणून मोकळा झालेला असतो, 'भाऊ, फोन आता चालू झाला, परत नाही होत.'

खालचा क्रम म्हणून सुलट लावलाय. प्रत्येक पायरी ही चाळणी समजा. एखाद्या चाळणीत फोन अडकला तर पुढच्या पायऱ्या करत बसू नका, तो फोन सोडा. नमुन्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी ए१६ ५जी घेतलाय. तो घ्या किंवा घेऊ नका असं मला सांगायचं नाही. खरा फोन समोर असला की बोलणं हवेत राहत नाही, एवढंच.

पायरी १: जुन्या फोनची तक्रार लिहून काढा

नव्या फोनमध्ये काय हवं असं विचारलं की जो तो 'कॅमेरा चांगला, बॅटरी चांगली' म्हणतो. यातून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा जुना फोन कुठे आणि कधी छळतो ते लिहा. 'दुपारी बांधावर स्क्रीन दिसत नाही.' 'संध्याकाळी सहाला बॅटरी संपते.' 'ई-पीक पाहणी करताना लोकेशन धरायला दहा मिनिटं लागतात.' तीन-चार ओळी पुरे.

आता प्रत्येक ओळीपुढे लिहा, फोन न बदलता हे सुटेल का? स्टोरेज भरलं असेल तर व्हॉट्सॲपमधले शुभ सकाळचे व्हिडिओ पुसा. बॅटरी उतरली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ती बदलून मिळते आणि नव्या फोनच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो. चार्जर ढिला बसतो म्हणून फोन बदलायला निघालेले दोघं मी पाहिलेत. दोघांच्या चार्जिंगच्या भोकात कापसाचा तंतू आणि धूळ दाबून बसली होती. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढली, काम झालं. सुई किंवा टाचणी मात्र घालू नका.

*तपासा:* सगळ्या ओळी खोडल्या गेल्या तर तुम्हाला नवा फोन नकोय. उरल्या त्या ओळी कागदावर ठेवा, पायरी ८ला लागतील.

पायरी २: फोनचं पूर्ण नाव धरा

'ए१६' एवढं नाव पुरत नाही. या एका नावाखाली जगात ४जी आणि ५जी असे दोन फोन आहेत आणि त्यांच्या चिप वेगळ्या. बरं, ५जीमध्येही काही देशांत सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस १३३० चिप आहे, तर भारतात मीडियाटेकची डायमेन्सिटी ६३००. म्हणजे यूट्यूबवर परदेशातल्या माणसाने बॅटरीचं केलेलं कौतुक तुमच्या फोनला लागू पडेलच असं नाही. कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर जा आणि मॉडेल, रॅम, स्टोरेज हे तिन्ही एका ओळीत लिहा: 'गॅलेक्सी ए१६ ५जी, ८ जीबी, १२८ जीबी'. पुढे कुठेही भाव विचाराल तो याच ओळीचा.

*सावध:* 'सेम टू सेम आहे, फक्त नाव वेगळं' असं काउंटरवर ऐकलं की तो फोन वेगळा आहे असं धरून चाला.

पायरी ३: रेंज, तुमच्या जागेवरची

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. माझ्या मामांनी चोपडा तालुक्यातल्या मळ्यासाठी महागातला ५जी फोन घेतला. मळ्यात रेंज जुन्या फोनला नव्हती, नव्यालाही आली नाही. त्या बाजूला त्यांच्या कंपनीचा टॉवरच लांब होता. फोन बिचारा काय करणार? शेजारच्या गड्याचा साधा फोन तिथेच खणखणीत लागत होता, कारण त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं. पंधरा-वीस हजारांचं औषध घेतलं आणि दुखणं निघालं सिमचं.

म्हणून आधी सिम तपासा, मग फोन. तुमचा दिवस जिथे जातो त्या तीन जागा धरा: घर, मळा किंवा दुकान, आणि रोजचा रस्ता. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले शेजाऱ्यांचे फोन पाहा. रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या कंपनीगणिक वेगळ्या दिसतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, मग 'फोनविषयी', त्यात सिमची स्थिती अशा वाटेने गेलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. उणे ९० चांगला, उणे १०५ कामापुरता, आणि उणे ११५च्या खाली गेला की बोलणं तुटतं. बॅटरीही भराभर उतरते, कारण टॉवर पकडायला फोन सारखा जोर लावत राहतो. सातपुड्यात, पाल किंवा धडगावकडे 'बॅटरी टिकत नाही' ही तक्रार बऱ्याचदा मुळात रेंजचीच असते.

सिम पक्कं झालं की फोनच्या माहितीपत्रकात बँड पाहा, म्हणजे फोन कुठल्या वारंवारतांवर सिग्नल पकडतो ते. हे किचकट वाटतं, पण पाहायचं थोडंच आहे:

जिओचं ५जी स्टँडअलोन पद्धतीचं आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, म्हणून फोनपुढे 'एसए' लिहिलेलं हवं. त्यासोबत एन७८ आणि एन२८ हे बँड. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. कमी वारंवारतेची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, त्यामुळे गावाबाहेर तिचा उपयोग जास्त.

बीएसएनएलचं सिम असेल तर त्यांचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. फोनला ४जीचे बँड २८ आणि बँड १ दोन्ही हवेत. स्वस्तातल्या जुन्या मॉडेलात बँड २८ नसला तर टॉवर गावात असूनही फोन अर्धाच कामाचा.

दोन सिम वापरता का? आपल्याकडे घरी एक चालतं, मळ्यात दुसरं, त्यामुळे बरेच जण वापरतात. मग फोनची ट्रे पाहा. ए१६ ५जीची ट्रे हायब्रिड आहे: दोन सिम घाला, नाहीतर एक सिम आणि एक मेमरी कार्ड. तिन्ही एकदम बसत नाहीत. दोन सिमवाल्याने १२८ जीबी घेऊन 'नंतर कार्ड टाकू' असा बेत केला, तर तो बेत ट्रे उघडल्यावर मोडतो.

*तपासा:* वायफाय कॉलिंग आहे का तेही पाहा. जाड भिंतींच्या जुन्या धाब्याच्या घरात रेंज आत येत नाही. तिथे घरच्या वायफायवरून साधा कॉल लागणं मोठी सोय आहे.

पायरी ४: ऊन, धूळ आणि केळीचा चीक

बहुतेक फोनच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ३५ अंश असं दिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४३, ४४, कधी ४५ अंशांपुढे जातं. म्हणजे वर्षातले निदान दोन महिने भर दुपारी आपण सावलीत बसलो तरी कंपनीच्या हिशोबात बसत नाही! फोन तेव्हा स्वतःला वाचवतो: प्रकाश कमी करतो, चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, कॅमेरा बंद करतो. त्यात फोन बिघडला असं नसतं. पण कुठला फोन किती लवकर शरण जातो यात मोठा फरक आहे.

पाहायचं काय? एक, स्क्रीनचा प्रकाश. जाहिरातीत 'पीक ब्राइटनेस' म्हणून हजारोंचा आकडा असतो. तो स्क्रीनच्या एका ठिपक्याएवढ्या भागात, काही क्षण मिळतो. तुम्हाला हवा तो 'हाय ब्राइटनेस मोड'चा आकडा, म्हणजे उन्हात पूर्ण स्क्रीनला मिळणारा प्रकाश. तो दिलेलाच नसेल तर पायरी ८मधली दाराची परीक्षा आहेच.

दोन, बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय. गरम बॅटरी शंभर टक्के भरलेली ठेवणं हे तिचं आयुष्य खाण्याचं सर्वांत सोपं साधन. रात्रभर पत्र्याखाली चार्जिंगला लावणाऱ्याला ही सोय हवीच.

तीन, गेम खेळणाऱ्या पोरांसाठी वेगवान चिपचा फोन घेताना मे महिन्यातल्या कुणाचा तरी अनुभव विचारा. डिसेंबरातल्या थंडीत केलेली परीक्षा मेमध्ये उपयोगाची नाही.

धुळीचं आणि पाण्याचं पाहायचं तर आयपी क्रमांक वाचायला शिका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ए१६ ५जीला आयपी५४ आहे. ५ म्हणजे धूळ थोडी आत गेली तरी काम अडत नाही. ४ म्हणजे शिंतोडे चालतील. पावसात भिजलेल्या खिशातला ओलावा तो सोसेल, ठिबकच्या टाकीत पडला तर नाही. आयपी६७ असेल तर धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. डाळ मिलमध्ये, जिनिंगमध्ये, पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याने पहिला आकडा ६ असलेला फोन शोधावा. पाण्याने झालेलं नुकसान मात्र वॉरंटीत धरत नाहीत, आयपी क्रमांक कितीही असो.

आणि बोटांचं. केळीचा चीक लागलेली किंवा कापूस वेचून खरखरीत झालेली बोटं फिंगरप्रिंटला ओळखू येत नाहीत. दुकानात स्वच्छ हाताने ते चालतं, म्हणून कुणी तपासत नाही. दुकानदाराची हरकत नसेल तर डेमो फोनवर आपलं, म्हणजे ज्याच्यासाठी फोन घ्यायचाय त्याचं बोट नोंदवून दहा वेळा लावून पाहा. तीन-चार वेळा नाही म्हटलं तर पिन टाकायची तयारी ठेवा.

पायरी ५: आकडे आणि त्यामागची हातचलाखी

डब्यावर '१६ जीबी रॅम' आणि खाली बारीक अक्षरात '८ + ८' असेल तर फोन ८ जीबीचाच आहे. बाकीचे ८ स्टोरेजमधून उसने घेतात, आणि स्टोरेज रॅमपेक्षा फार हळू चालतं. स्टोरेजचे दोन प्रकार असतात, ईएमएमसी आणि यूएफएस; आपल्या फोनात कोणतं तेही विचारा. यूएफएस बरंच वेगवान. दोन वर्षांत फोन हँग होऊ लागतो त्यामागे अनेकदा हे असतं.

कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेलचा फोन बहुधा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. त्यात वाईट काही नाही. पण मागच्या तीन भिंगांपैकी २ मेगापिक्सेलचं मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचं भिंग) असलं तर ते मोजू नका, ती शोभेची पणती आहे.

पायरी ६: फोनचं वय मोजा

सुरक्षेची अपडेट बंद झाली की बँकेची ॲप हळूहळू कुरकुर करू लागतात. म्हणून किंमत वर्षांनी भागा. ए१६ ५जीला कंपनीने ६ अँड्रॉइड अपग्रेड आणि ६ वर्षं सुरक्षा अपडेट जाहीर केली आहेत. पण ती फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. ऑक्टोबर २०२४ला आला, म्हणजे २०३०पर्यंत. २०२७ मध्ये घेतला तर हातात तीनच वर्षं उरतात.

सुरुवातीची किंमत १८,९९९ रुपये होती. सहा वर्षांनी भागली तर वर्षाला सुमारे ३,२००. दुसरा फोन १४,००० ला मिळतोय आणि त्याची अपडेट दोनच वर्षं उरलीत, तर वर्षाला ७,०००. स्वस्त कोणता?

इथेच सर्व्हिस सेंटरही पाहून घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाका: जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१, नंदुरबार ४२५४१२, जो असेल तो. डिस्प्ले बदलायला दरवेळी नाशिक किंवा सुरत गाठावं लागणार असेल तर एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस फोनच्या किमतीत धरा.

पायरी ७: भाव आणि हप्ता

गावात पहिला प्रश्न येतो, 'कितलाले लिधा?' म्हणजे केवढ्याला घेतला? आणि लोक उत्तरात हप्ता सांगतात: 'दोन हजारनी हप्तावर.' हे उत्तरच नाही.

कागदावर असा हिशोब मांडा. समजा फोन रोखीने १८,९९९. दुकानात सांगितलं, ५,००० डाउन पेमेंट, १,९९९चे ८ हप्ते, फाइल चार्ज ५००. बेरीज करा: ५,००० अधिक १५,९९२ अधिक ५००, एकूण २१,४९२. म्हणजे २,४९३ रुपये जास्त. उधारी मुळात १३,९९९ची आणि तीही दर महिन्याला कमी होत जाणारी, त्यामुळे वर्षाच्या हिशोबाने हे व्याज चाळीस टक्क्यांच्या वर जातं. पीककर्जाच्या व्याजाशी ताडून पाहा.

क्रेडिट कार्डावरचा 'नो कॉस्ट' हप्ता याहून बरा, पण तोही फुकट नाही. बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट आधी मिळते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्याकडून जाते.

फायनान्सचा कागद सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: हप्ता बाउन्स झाल्याचा दंड, न विचारता जोडलेला स्क्रीन विमा, आणि हप्ता चुकल्यास फोन लॉक करणारं ॲप आहे का. विमा नको असेल तर तिथेच काढायला लावा. शेवटचा हप्ता फेडल्यावर एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, मागून घ्या. लोक विसरतात आणि पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाला ती जुनी नोंद आडवी येते.

डब्यात चार्जर आहे का? ए१६ ५जी २५ वॅटने चार्ज होतो, पण डब्यात फक्त केबल आहे. चार्जर, कव्हर, ग्लास धरून भाव करा.

दसरा-दिवाळीला ऑनलाइन सेल आणि पहिल्या वेचणीचा पैसा एकदमच हातात येतो, हे कंपन्यांना आपल्याइतकंच ठाऊक आहे. सेलचा भाव पाहून घ्या आणि तो घेऊन जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा आपल्या ओळखीच्या दुकानात जा. बऱ्याचदा दोन-चारशेच्या फरकाने जमतं. तेवढ्यासाठी ओळखीचा दुकानदार सोडू नये, असं माझं मत. सात दिवसांत फोन बिघडला तर ओळख कामी येते.

*सावध:* बिलाशिवाय पाचशे कमी करून देणाऱ्याला नमस्कार करा आणि खाली उतरा.

पायरी ८: हातात घेऊन पाहणं

पायरी १चा कागद आणि जुना फोन सोबत न्या. जायचं दुपारी बारा ते दोनमध्ये, संध्याकाळी नाही. डेमो फोन घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात उभे राहा, प्रकाश पूर्ण वाढवा आणि पांढऱ्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. एसीत सगळेच फोन सुंदर दिसतात.

मग आपलं सिम घालू देतात का विचारा आणि एक कॉल करा. समोरच्याला आवाज कसा येतो ते त्यालाच विचारा. स्पीकर पूर्ण मोठा करून मोटारसायकलच्या आवाजात ऐका. अंगठा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का? शर्टाच्या खिशात ठेवून वाका. मोठा फोन पंपाच्या खोलीत वाकल्यावर आधी विहिरीत जातो.

कागदावरच्या ओळी एकेक करून ताडा. एकही ओळ सुटत नसेल आणि तरी फोन हवासा वाटत असेल, तर चहा प्यायला बाहेर पडा. चहानंतरही हवा असेल तर निदान हौस म्हणून घेतोय हे स्वतःशी कबूल करून घ्या.

पायरी ९: डब्बा फोडताना

क्रम मोडू नका.

पैसे देण्याआधी डब्याचं सील पाहा आणि डब्यावरचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बिलावर लिहून घ्या. डब्बा तुमच्यासमोर फोडायचा. फोन चालू झाल्यावर *#०६# लावा. स्क्रीनवरचा, डब्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच हवा. त्यानंतर इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, असा संदेश १४४२२ला पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. जुना फोन घेत असाल तर ही पायरी आधी, भाव नंतर.

सॅमसंगचा फोन असेल तर *#०*# लावल्यावर तपासणीचा पडदा उघडतो: लाल, हिरवा, निळा रंग लावून स्क्रीनवर ठिपका आहे का पाहा, स्पर्श सगळीकडे लागतो का पाहा. चार्जर लावून पाच मिनिटं थांबा. दोन्ही सिम घालून दोन्हीवरून कॉल करा. ग्लास आणि कव्हर सगळ्यात शेवटी. दुकानातली पोरं ते आधी चिकटवतात, आणि मग कोपऱ्यातला ओरखडा दिसत नाही.

ऑनलाइन मागवला असेल तर पार्सल उघडण्यापासून फोन चालू होईपर्यंतचा व्हिडिओ सलग काढा. उघडून देण्याची सोय असेल तर फोन पाहिल्यावरच ओटीपी सांगा.

पहिल्या सात दिवसांत फोन मळ्यात, घरात आणि रस्त्यावर नेऊन पायरी ३चे आकडे पुन्हा पाहा. खोट निघाली तर लगेच सर्व्हिस सेंटरला जा आणि लेखी नोंद घ्या. बदलून मिळण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते. दुकान आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो बंद करायला पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत आणि खरेदीचं बिल लागतं. थर्मल कागदावरचं बिल आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात पुसट होतं, तेव्हा त्याच दिवशी त्याचा फोटो काढा आणि तो बायकोच्या किंवा भावाच्या फोनमध्येही पाठवून ठेवा. नाहीतर हरवलेल्या फोनचं बिल त्या फोनमध्येच जातं.